कानवाल्या बाईंची अट

टिटवीची नोकरी गेली तेव्हा सगळ्यात जास्त समाधान तिच्या आत्याला झालं, असं म्हटलं तर आत्या अंगावर धावून येईल. पण खरं तेच आहे. "दिवसभर कानाला ती बोंडं लावून दुसऱ्यांची भांडणं ऐकायची, ही काय नोकरी झाली?" असं आत्या वर्षानुवर्षं म्हणत आली होती, आणि आपलं म्हणणं खरं ठरलं की भल्याभल्यांना हसू लपवता येत नाही. आत्याने निदान प्रयत्न केला. दोन दिवस ती तोंड पाडून वावरली आणि तिसऱ्या दिवशी "मी तेव्हाच सांगत होते" हे वाक्य तिच्या तोंडून निसटलंच.

नोकरी होती ती अशी. एका मोठ्या कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये लोकांच्या तक्रारींचे फोन उचलणारी मुलंमुली वेगळी. टिटवी त्यांचे रेकॉर्ड केलेले कॉल ऐकायची आणि त्यांना मार्क द्यायची. नमस्कार नीट केला का, आवाज चढला का, माफी मागितली का. आणि सगळ्यात मोठा गुन्हा म्हणजे मध्येच गप्प बसणं. फोनवर शांतता पडली की तिला तिथे डेड एअर म्हणत, आणि डेड एअरचे मार्क कापताना टिटवीचा हात कधी अडखळला नाही. तसाही गप्प बसण्याशी तिचा कधी संबंध आला नव्हता. लहानपणी झोपेतसुद्धा बडबडायची, म्हणून वडिलांनी हे नाव ठेवलं, आणि पस्तिशी उलटली तरी ते तिला चिकटून होतं.

मग एक दिवस हेच काम एक यंत्र करू लागलं. यंत्राला जेवणाची सुट्टी लागत नव्हती आणि त्याची मानही अवघडत नव्हती. साहेबांनी सगळ्या विभागाला एका खोलीत बोलावून फार गोड शब्दांत निरोप दिला. बोलताना ते एकदाही थांबले नाहीत, हे टिटवीच्या लक्षात आलं. पूर्ण मार्क दिले असते तिने.

पुढे मुलाखती सुरू झाल्या. नोकऱ्यांचा बाजार असा आटला होता की एका जागेसाठी बाहेरच्या बाकांवर तीच तीच माणसं भेटायची. ओळखी झाल्या, एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी होऊ लागली, आणि एखादा आला नाही की "त्याला लागली वाटतं" म्हणून बाकीचे हळहळायचे. आत गेलं की तोच प्रश्न : पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता? टिटवी भरभरून उत्तर द्यायची, समोरचा मान हलवायचा, आणि "कळवतो" म्हणून वाटाण्याच्या अक्षता लावायचा. एक गोष्ट मात्र तिने कुणालाच सांगितली नव्हती. गेलेल्या नोकरीबद्दल तिला वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटत होतं ते इतकी वर्षं ऐकत राहून आपल्या ऐकण्याने कुणाचं काडीइतकंही भलं झालं नाही याचं. पण हे बोलायचं कुठे? जिच्याकडे नोकरीच नाही तिने मनासारखं काम हवं म्हणणं म्हणजे लोकांना हसायला निमित्त देणं.

घरी दोघंच, ती आणि बाबा. बाबांचं आयुष्य पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात गेलं, आणि कारखान्याने निवृत्तीच्या वेळी एक भिंतीवरचं घड्याळ देऊन त्यांचे कान ठेवून घेतले. एके काळी याच माणसाचे कान असे तिखट होते की टिटवीला शाळेतून आल्यावर बेल वाजवायची कधी पाळीच आली नाही. ती जिना चढत तिसऱ्या मजल्यावर पोचायची तोवर दार उघडलेलं असायचं. पावलांवरून ते निकालसुद्धा ओळखायचे. "गणितात गेलीस ना?" ते दारातूनच विचारायचे, आणि हिच्या दप्तरातला पेपर अजून दप्तरातच असायचा. आता बेल वाजवून काही उपयोग नव्हता. टिटवी किल्ली घेऊन हिंडायची.

कानाचं मशीन घेतलेलं होतं. ते ड्रॉवरमध्ये जुन्या किल्ल्या आणि संपलेल्या पेनांच्या सोबतीने राहायचं. बाबा म्हणायचे, "बिघडलंय ते." रिकामं माणूस राहून गेलेली सगळी कामं काढतं, टिटवीने चपलांचे अंगठे शिवून आणले, गळका नळ बदलला, आणि एक दिवस मशीन रुमालात बांधून कानवाल्या बाईंकडे नेलं.

कानवाल्या बाईंचं दुकान हमरस्त्यावर, दोन मोठ्या दुकानांच्या बेचक्यात होतं. बाहेर एवढा गोंगाट, पण आतल्या खोलीचं जाड दार लागलं की रस्ता जणू कुणी गुंडाळून ठेवला. बाई शिकलेल्या होत्या, भिंतीवर तशी सर्टिफिकेटं होती, पण सगळे त्यांना कानवाल्या बाईच म्हणत. आवाज इतका हळू की समोरच्याला पुढे झुकावंच लागायचं. त्यांनी मशीनमध्ये नवी बॅटरी घातली आणि ते तळव्यावर घेऊन मूठ मिटली. मशीनने बारीक, कर्कश शिट्टी मारली.

"जिवंत आहे," बाई म्हणाल्या. "चालू मशीनवर हात झाकला की ते ओरडतं. बंद असेल तर ओरडत नाही. एवढं बघायला माझ्याकडे यायला नको."

"पण बाबा म्हणतात बिघडलंय."

"मशीनला काही झालेलं नाही, घरात काहीतरी झालंय. माझ्याकडून नेलेली निम्मी मशीनं ड्रॉवरमध्ये पडतात. मी बसवून देते, पण कानात टिकवायला माणूस हवं. घरी जायचं, शिकवायचं, पुन्हा पुन्हा जायचं. माझे गुडघे आता जिने चढत नाहीत." मग चष्म्यावरून बघत त्यांनी विचारलं, "तू काय करतेस?"

टिटवीने सांगितलं. सांगताना ती थांबेना, तेव्हा बाईंनी हात वर केला.

"ऐकायची सवय आहे म्हणजे. एक महिना ये. पण माझी एक अट आहे, आणि ती मी सगळ्यांनाच घालते. पहिलं मशीन आपल्या घरातल्या माणसाच्या कानात टिकवून दाखवायचं. बाहेरचा माणूस भिडेखातर घालतो, घरचा घालत नाही. महिना संपताना तुझे बाबा मशीन घालून माझ्यासमोर बसले तर जागा तुझी. नाहीतर रांगेत दुसरी आहेच."

त्या महिन्यात टिटवीला जे झालं त्याला काय म्हणावं हे तिलाच कळेना. सकाळी उठावंसं वाटायचं, एवढं खरं. ती मशीनं पुसायची, नळ्या बदलायची, थरथरत्या बोटांना इवलीशी बॅटरी कशी घालायची ते शिकवायची. एकदा एक निवृत्त बस ड्रायव्हर आला. बाईंनी त्याच्या कानात मशीन बसवलं आणि त्या नुसत्या बसून राहिल्या. टिटवीला राहवेना. "ऐकू येतंय का काका?" हे अगदी ओठांवर आलं, तोच बाईंनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं. ड्रायव्हरने खुर्चीत जरा चुळबुळ केली. खुर्ची करकरली. त्याने पुन्हा मुद्दाम चुळबुळ केली, पुन्हा करकरली, आणि तो एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा हसत सुटला. घरी जाताना टिटवीला रस्त्यातच रडू आलं. आयुष्यात पहिल्यांदाच एखादी नोकरी आपल्याला हवी आहे, हातची गेली तर जीव तुटेल इतकी हवी आहे, असं तिला वाटलं, आणि त्याची तिला भीतीही वाटली.

घरी मात्र तिच्या नाकीनऊ आले. बाबांच्या कानात मशीन गेलं रे गेलं की टिटवी सुरू व्हायची. पेपर मोठ्याने वाचून दाखवायची. "आता कमी ऐकू येतंय की जास्त? आता? आणि आता?" बाबा जरा भिंतीकडे बघत बसले की तिला वाटायचं गाडी अडली, ती लगेच नवा विषय काढायची. त्यात आत्या. तिने मदतीचा विडाच उचलला होता. ती स्वयंपाकघरात लपून ओरडायची, "दादा, मी काय म्हणाले सांग!" बाबांनी सांगितलं नाही तर बाहेर येऊन तेच दुप्पट आवाजात म्हणायची, आणि सांगितलं तर पुढचा प्रश्न. चहा निवायच्या आत मशीन टेबलावर आलेलं असायचं. "डोकं उठतं माझं," म्हणून बाबा खोलीत निघून जायचे.

महिना सरत आला आणि टिटवी कॅलेंडरवरचे उरलेले दिवस मोजू लागली. तिने बाबांना अटीबद्दल सांगितलं नव्हतं, आत्याने सांगितलं. आत्याच्या पोटात गोष्ट राहते असं कधी कुणी म्हटलेलं नाही.

आणि एके दिवशी चमत्कार झाला. बाबा सकाळीच मशीन घालून बाहेर आले. दिवसभर काढलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. टिटवी बोलली की ते मान हलवायचे, हसायचे, "हो का?" म्हणायचे. आत्याने "दादा सुधारला!" म्हणून फोनवर साऱ्या नात्यात बातमी दिली. टिटवीचा जीव भांड्यात पडला. बाईंकडे जायच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी कपाटातून चांगला शर्ट काढून घालून बघितला, आणि ती कौतुकाने त्यांची कॉलर सारखी करायला पुढे झाली.

तिचा तळवा त्यांच्या कानावरून गेला. मशीन काही ओरडलं नाही.

तिने कॉलर पुन्हा सारखी केली आणि या खेपेला हात मुद्दाम कानावर धरून ठेवला. काहीच नाही. तिने पाठीमागे जाऊन साध्या आवाजात म्हटलं, "बाबा, घराला आग लागली आहे." बाबा मान खाली घालून शर्टाचं बटण लावत राहिले.

ती समोर येऊन पलंगावर बसली. तिच्या तोंडाकडे बघताच बाबांना उमगलं. त्यांनी खिशातून डाळीएवढी बॅटरी काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

"उद्यापुरतं जमेल गं," ते म्हणाले. त्यांना वाटत होतं आपण कुजबुजतोय. पलीकडच्या बिऱ्हाडातसुद्धा ऐकू गेलं असेल. "ती बाई काहीतरी विचारेल, मी मान हलवीन. जन्मभर साहेबांपुढे हलवली, एका बाईपुढे हलवायला काय जातंय? तुला हे काम आवडतं. तू हल्ली आल्यावर जेवताना हसतेस. मी बहिरा आहे, आंधळा नाही."

बाबांनी तिच्यासाठी खोटं बोलायचं ठरवलं होतं, आणि ज्या मशीनने ऐकू येतं ते बंद करून दिवसभर कानात वागवलं होतं. तिने त्यांच्यासमोर तोंड नेऊन, सावकाश, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "मशीनचा एवढा त्रास होतो?"

"मशीनचा नाही. तुमचा होतो." बाबा आधी हसले, मग त्यांचं हसू मावळलं. "ते घातलं की तुम्ही माझ्यावर तुटून पडता. हे ऐकू आलं का, ते ऐकू आलं का. ती तिकडून, तू इकडून. परीक्षा चालू होते माझी. मला वाटतं जरा घर ऐकावं. हा पंखा अजून कुरकुरतो का? कबुतरं येतात का खिडकीत? तुझी आई गेल्यापासून या घरात काय वाजतं आणि काय नाही, मला काही माहीत नाही. पण कुणी गप्प बसेल तर ना! गप्प बसलं की तुला वाटतं काहीतरी बिघडलं."

इतकी वर्षं शांततेचे मार्क कापणाऱ्या टिटवीने हातातली बॅटरी मुठीत घट्ट धरली. तिला बस ड्रायव्हर आठवला, करकरणारी खुर्ची आठवली आणि बाईंचं ओठांवरचं बोट आठवलं. डोळ्यांसमोर घडलं होतं आणि तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

सकाळी तिने आत्याला फोन करून आज येऊ नकोस म्हणून सांगितलं.

"मी आले तरी गप्प बसेन की!" आत्या म्हणाली.

"तू गप्प बसशील गं, तुझ्या त्या सळसळणाऱ्या पिशव्या नाही बसत."

आत्या रुसली. मग टिटवीने मशीन आणि बॅटरी बाबांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवली. घाला म्हणाली नाही, बघा म्हणाली नाही. एरवी दार ओढून घेईपर्यंत तिची टकळी चालू असायची. आज ती चप्पल घालून नुसती निघून गेली. बाबांना सोबत यायचं होतं. तिने मानेनेच नको म्हटलं.

बाईंना तिने सगळं सांगितलं. बॅटरीचं, खिशाचं, मान हलवण्याचं. एवढं खरं बोलल्यावर बाई विरघळतील अशी आशा तिच्या मनात कुठेतरी होती, कारण माणूस खरं बोलताना थोडं बक्षीस गृहीत धरतंच. बाई विरघळल्या नाहीत.

"खरं सांगितलंस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "का घालत नव्हते तेही तुला कळलं, ते त्याहून बरं. पण ते घालतात का?"

"नाही."

"मग काय करू सांग? दुसरी मुलगीही गरजू आहे. दुकान बंद करताना मला तिला फोन करायचाय. तुझ्यासाठी अट मोडली तर तिला काय तोंड दाखवू?" एवढं बोलून त्यांनी टिटवीच्या हातावर हात ठेवला. त्यांनाही वाईट वाटत होतं, आणि त्यामुळे टिटवीला भांडताही येईना.

ती पायीच घरी निघाली. नेहमीची दुकानं, नेहमीचे सिग्नल, आणि मुलाखतीच्या बाकावरचा एक ओळखीचा चेहरा समोरून फाईल घेऊन येताना दिसला. त्याने हात केला, तिने हात केला. उद्यापासून पुन्हा ते बाक, पुन्हा ती पाच वर्षं. पहिल्यासारखं आता जमणार नाही हे तिला कळत होतं, कारण मनासारखं काम कसं असतं ते आता तिने चाखलं होतं. ते न चाखताच परत आले असते तर बरं झालं असतं, असंही एकदा तिच्या मनात आलं.

जिना आला. पहिला मजला ती कठड्याला धरून चढली. दुसऱ्या मजल्यावर थांबली. बाबांना हे सांगायचं कसं? आपल्यामुळे पोरीची नोकरी गेली असं त्यांनी मनाला लावून घेतलं तर? तिने चेहऱ्यावरून ओढणी फिरवली, हसून बघितलं, ते हसू तिचं तिलाच पटलं नाही, म्हणून पुन्हा हसून बघितलं. मग उरलेल्या पायऱ्या मुद्दाम भराभर चढली, पर्समधून किल्ली काढली आणि कुलपाकडे हात नेला.

दार आतून उघडलं.

बाबा उभे होते. अंगात तोच चांगला शर्ट होता. त्यांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या हातातल्या किल्लीकडे बघितलं.

"दुसऱ्या मजल्यावर थांबलीस," ते म्हणाले. "नाही म्हणाली ना ती?"

टिटवीचं तोंड उघडं राहिलं. कितीतरी वर्षांमागची शाळकरी पोर त्याच उंबऱ्यावर, दप्तरातला पेपर दप्तरातच ठेवून, तशीच उभी राहिली होती. बोलायला तिच्याकडे शंभर गोष्टी होत्या. ती एक अक्षर बोलली नाही. दोघं दारात तसेच उभे राहिले. आत पंखा कुरकुरत होता. खाली कुणीतरी बादली ओढत नेली आणि बाबांनी आवाजाकडे मान वळवली.

"सकाळपासून असंच चाललंय," ते सांगू लागले. "कबुतरं फार झालीत खिडकीत. आणि आपलं ते घड्याळ, कारखान्याचं, केवढं मोठ्याने वाजतं गं! काढून टाकू ते."

तिने हात पुढे करून त्यांच्या कानावर तळवा धरला. मशीनने बारीक, कर्कश शिट्टी मारली. बाबांनी कपाळाला आठ्या घालून तिचा हात बाजूला केला आणि ते पायाने कोपऱ्यातल्या चपला जवळ ओढू लागले.

"तिचं दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं?"

"बाबा, आहे अजून वेळ, चला!" टिटवी सवयीने ओरडली.

"हळू बोल," बाबा म्हणाले. "ऐकू येतंय मला."